शंभराव्या भागात काय घडतं?

करंडक मिळाला की पाठोपाठ मुंबईचे फोन येतात, हे काही नवीन नाही. पुरुषोत्तम असो की सवाई, एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या गर्दीत मालिका बनवणाऱ्या संस्थांची माणसं बसलेली असतात, कारण त्यांना लेखक कायम कमी पडतात. त्यामुळे "मालिकेसाठी काही आहे का तुझ्याकडे?" असं तुला कुणी विचारलं, याचं मला नवल वाटलं नाही. तू लगेच "हो, आहे" म्हणालीस आणि रात्री आत्याला फोन करून मालिका कशी लिहितात ते विचारलंस, त्याची मात्र गंमत वाटली. असू दे. फोनवर अर्धं बोलणं राहिलं, म्हणून लिहून पाठवते. भाची आहेस म्हणून गोड करून सांगणार नाही.

तुझा विषय मला आवडला. मागावरच्या कामगाराची मुलगी, एमपीएससीचा अभ्यास, शेवटी तहसीलदार. पण पोरी, हा सिनेमा आहे. ती पास झाली की गोष्ट संपली, आणि गोष्ट लांबवायची म्हणून तिला नापास करत बसलीस तर बघणारी बाई चॅनल बदलते. एकांकिकावाल्यांना आधी शेवट सुचतो; तुम्हा सगळ्यांचं तसंच असतं. चाळीस-पन्नास मिनिटांत टाळी घ्यायची असते, तेव्हा ते बरोबरच. मालिकेचा शेवट मात्र कुणी विकत घेत नाही. आठवड्याचे सहा दिवस, अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं, म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस भाग. चॅनलला विकायचं असतं ते रोजचं अडणं. या घरात उद्या सकाळी कुणाचं काय अडणार आहे? परवा काय? तेरवा? हे तुला डोकं न खाजवता सांगता आलं पाहिजे. डोकं खाजवावं लागत असेल तर पात्रांची नाती नीट बांधली गेलेली नाहीत असं समज.

दूर कशाला जायचं, इचलकरंजीतच राहू. आपला दादा खर्चीवाला. माग त्याचे, शेड त्याची, विजेचं बिल त्याचं. सूत व्यापाऱ्याचं आणि विणलेलं कापडही व्यापाऱ्याचंच. दादाला मिळते ती पीकवर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर, ठरलेली मजुरी. कामगारांच्या लेखी तो मालक, व्यापाऱ्याच्या लेखी तो मजूर. तू जन्मापासून हे बघतेस म्हणून तुला त्यात काही वाटत नाही. मुंबईत बसलेल्या कुणाच्याही डोक्यात हे येणार नाही. आता अशा खर्चीवाल्याच्या मुलीचं लग्न त्याच व्यापाऱ्याच्या घरात लावून दे, आणि बघ काय होतं ते.

मजुरी वाढली तर तिचं माहेर तरतं आणि सासऱ्याचा नफा घटतो. नाही वाढली तर सासर खूश, आणि वडिलांच्या दारात जॉबर, कांडीवाले, घडीवाले दिवाळीच्या बोनससाठी उभे. कापडात दोष निघाला की सासू जेवताना सगळ्यांसमोर बोलणार, "तुमच्याकडचा माल बघितला का?" आता सूत हलकं होतं की माग जुने, हे सुनेला माहीत आहे, पण सूत हलकं म्हणाली तर ती सासऱ्यावर आळ घेते, आणि माग जुने म्हणाली तर वडिलांच्या पोटावर पाय देते. भाऊ माग भंगारात घालून शेडची जागा विकायला निघालाय, आणि ती जागा घ्यायला तिचा दीरच टपलाय. नवरा मात्र चांगला ठेव. वाईट नवऱ्याला सोडता येतं, चांगल्या नवऱ्याला सोडता येत नाही. लेखकाला तेच हवं असतं. आणि तुझी एमपीएससीही राहू दे. आता ती परीक्षा म्हणजे दोन्ही घरांतून बाहेर पडायची वाट झाली, आणि दोन्ही घरांना ती वाट बंद करायची आहे.

यात मी एकही योगायोग घातलेला नाही. अपघात, गेलेली स्मृती, जुळी बहीण, काही नाही. त्यांची वेळ येईलच. टीआरपीचे आकडे घसरले की वरून मागणी येते. पण पहिल्या दिवशीच तू ते घेऊन गेलीस तर पुढे काढायला तुझ्याकडे काय उरणार?

मूळ, स्वतःची, नवी गोष्ट म्हणजे आजवर कुणी न हाताळलेला विषय, असा नव्या लेखकांचा समज असतो. असा विषय शोधण्यात वर्षं घालवलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. १९९९ साली अल्फा टीव्ही मराठीवर 'आभाळमाया' आली आणि २०१९च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर 'आई कुठे काय करते' आली. नवऱ्याचं दुसरीकडे गुंतणं दोन्हीकडे आहे. त्यामुळे दुसरी शिळी झाली का? पाच वर्षं चालली. तीही मुळात बंगाली 'श्रीमयी'वरून घेतलेली, आणि त्याच 'श्रीमयी'वरून हिंदीत 'अनुपमा' झाली. या रिमेकवर नाक मुरडू नकोस. त्यामागचा हिशेब समजून घे. एका भाषेत चाललेली गोष्ट चॅनलला पारखून घेतलेली वाटते. तुझी गोष्ट कुणीच पारखलेली नाही, म्हणून तिच्यात दुसऱ्या कुणाला माहीत नसलेलं असं काहीतरी हवं. ते विषयात क्वचितच असतं. ते जागेत, धंद्यात, पैशाच्या देवघेवीत असतं. 'होणार सून मी ह्या घरची' ही म्हटली तर साधी लग्नाची गोष्ट. पण एका मुलाला सहा बायकांनी वाढवलंय, म्हणजे सून एका सासूकडे जाणार नाही, सहाजणींकडे जाणार, हे ऐकल्याबरोबर रोजची भांडणं आणि रोजचे लाड डोळ्यांसमोर येतात. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये भुताची भीती होतीच, पण पाया होता तो घरातला कर्ता, अण्णा, गेल्यावर एकत्र आलेल्या भावंडांचा आणि मालमत्तेचा. त्या मेलेल्या अण्णांना भूतकाळ एवढा होता की २०१९मधलं दुसरं पर्व मागे जाऊन त्यांचीच गोष्ट सांगत बसलं. पात्र असं बांधावं.

संदेशाबद्दल एक सांगते, कारण तुला समाज सुधारायची घाई आहे. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, लेखक मनोहर श्याम जोशी. कुटुंबनियोजनाचा प्रचार हा तिच्या उद्देशांतला एक होता. सुरुवातीच्या भागांत तो प्रचार जड झाला आणि लोकांना रुचला नाही. मग तो मागे सारून घरातल्या माणसांच्या सुखदुःखाला पुढे आणलं. त्यानंतर देशाने ती मालिका डोक्यावर घेतली. तेव्हा स्त्रीशिक्षण, कामगारांचे हक्क, जे काय म्हणायचंय ते सुनेच्या अडचणीतून येऊ दे. कन्सेप्ट नोटमध्ये "ही मालिका समाजाला आरसा दाखवते" असं एक वाक्य जरी दिसलं तरी वाचणारा पुढचं चाळतो. "आगळीवेगळी कथा" हे शब्दही खोडून टाक. शंभरातल्या नव्वद नोट्सची सुरुवात त्यांनीच होते.

शिकायचं कसं? कार्यशाळांना जा, माझा विरोध नाही. पण फुकटात होणारा एक अभ्यास आधी कर. चालू असलेली एक मालिका घे, तुला न आवडणारी घेतलीस तर उत्तम, आणि पंधरा-वीस दिवस तिच्या प्रत्येक भागाची उलटी वनलाइन लिही. प्रत्येक सीनला एक ओळ: कोण, कुठे, आत येताना काय हवं होतं, जाताना काय घेऊन गेलं. शेजारी सेट लिही, आणि सीनमध्ये किती नट आहेत ते लिही. आठवड्याभरात तुझ्या लक्षात येईल की सगळा खेळ हॉल, स्वयंपाकघर, एक-दोन बेडरूम आणि अंगण एवढ्यातच चालतो. बाहेरचं चित्रीकरण महाग. सगळे नट एका दिवशी मिळणं त्याहून महाग. ब्रेकआधी काय सोडलं आणि ब्रेकनंतर ते कसं गुंडाळलं, तेही टिपून ठेव. आणि हे सगळं करताना एकदा टीव्हीकडे पाठ करून पोळ्या लाट. मराठी मालिका बऱ्याच घरांत बघण्याइतकीच ऐकली जाते. "हे पत्र इथे कसं आलं?" असलं वाक्य तुला बाळबोध वाटतं ना? ते पत्र दिसत नसलेल्या बाईसाठी असतं.

या अभ्यासाने तुझ्याच गोष्टीतली एक अडचण तुला दिसेल. शेड. चालू मागाच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं, तिथे संवाद कसा रेकॉर्ड होणार? म्हणून महत्त्वाचे सीन शेडमध्ये ठेवू नकोस. दिवाणजींची खोली, शेडबाहेरचा चहाचा गाडा, व्यापाऱ्याच्या पेढीवरची गादी, पाळी सुटतानाचं फाटक, अशा जागा शोध. माग बंद पडून अचानक शांतता झाली तर तो प्रसंग मात्र शेडमध्येच हवा; इचलकरंजीत शांतता म्हणजे संकट, हे तिथल्या पोरालाही कळतं.

बोलीचंही तसंच. 'तुझ्यात जीव रंगला'नंतर कोल्हापुरी बोलीला मागणी आली, आणि त्याबरोबर प्रत्येक वाक्यात "रं" आणि "गं" टाकायची साथही आली. तुमच्या गावात कानडी बोलणारे कामगार आहेत, मारवाडी आणि जैन व्यापारी आहेत; सगळे एकसारखं बोलतात का? सासर-माहेरची भाषा वेगळी ठेव. सून कुठल्या घरात कुठली भाषा बोलते, एवढ्यावर दोन-तीन सीन निघतील.

आता कागद. पहिल्यांदा पाठवायची ती कन्सेप्ट नोट दोन पानांची, फार तर तीन. सुरुवातीला चार ओळींत सून, तिची दोन घरं आणि त्यांच्यातला पैसा. मग मुख्य पात्रं, प्रत्येकाबद्दल एवढंच की त्याला काय हवंय आणि ते मिळू नये असं कुणाला वाटतं; उंची, रंग, आवडता पदार्थ नको. मग पहिल्या तीन आठवड्यांची गोष्ट जरा तपशिलात, आणि पुढच्या सहा महिन्यांतले दोन-तीन मोठे टप्पे. कुठल्या नटीने काम करावं ते लिहू नकोस, ती नटी त्याच चॅनलवर दुसऱ्या मालिकेत अडकलेली असते. युनिकोडमध्ये टाइप कर. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्या मोबाईलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. आणि अर्ध्या पानाचं इंग्रजी टिपण सोबत असू दे, कारण शेवटचा होकार देणारी व्यक्ती मराठी वाचणारीच असेल असं नाही. मला याचा राग येतो, पण राग आला म्हणून टिपण टाळता येत नाही. नोट आवडली तरच पुढे बायबल मागतात, म्हणजे पात्रांचा सगळा इतिहास आणि वर्षभराचा ट्रॅक. नमुन्याचा पहिला भागही मागतात. तो मागायच्या आधी लिहून तयार ठेव, पाठवू मात्र नकोस.

चॅनल सहसा नव्या लेखकाकडून थेट मालिका घेत नाही. मध्ये निर्मिती संस्था लागते. म्हणजे तुला तीच गोष्ट दोनदा विकायची आहे, आधी निर्मात्याला आणि मग त्याच्या सोबत जाऊन चॅनलला. तिथे कागद वाचून दाखवू नकोस. पाच-सात मिनिटं, शेजारणीला कालची भानगड सांगावी तसं सांग. सुरुवात जेवणाच्या ताटावरच्या त्या प्रसंगाने कर, गावाच्या इतिहासाने नको. समोरचा मोबाईल बघत असेल तर थांबू नकोस. तो ऐकत असतो, आणि नसला तरी थांबून काय फायदा?

प्रश्न ठरलेले असतात. सात वाजताची आहे की साडेदहाची? (सातला घरात पोरं आणि सासू दोघं असतात, साडेदहाला जरा अंधार चालतो.) बघणारी बाई कोण, आणि ती कुणाच्या बाजूने? पहिला प्रोमो काय? यावर थांब. प्रोमो म्हणजे अर्ध्या मिनिटाचा एक प्रसंग, जो बघून गोष्ट कळते आणि राग येतो किंवा हसू येतं. तुला प्रोमो सांगता येत नसेल तर तुझी गोष्ट अजून तुलाच सापडलेली नाही. माझ्या मते तुझा प्रोमो असा: लग्नानंतरच्या पहिल्याच दिवशी सासरा सुनेच्या हातात वही देतो, "सूनबाई, हिशेब बघा," आणि पहिल्या पानावर तिच्याच वडिलांची थकलेली मजुरी.

आणि मग शेवटी कुणीतरी खुर्चीत मागे रेलून विचारतं, "ठीक आहे, शंभराव्या भागात काय?" तिथे ट्विस्ट सांगायचा मोह होईल. त्याऐवजी शंभराव्या भागातली सुनेची अवस्था सांग: तोवर पेढीचा हिशेब तिच्याकडे आलाय, आणि वडिलांची मजुरी ठरवणारी सही आता तिची आहे. म्हणजे भांडण तेच, बाजू उलटलेली. हे ऐकून समोरचा पुढचं स्वतःच बोलू लागला तर काम झालं समज. "छान आहे, कळवतो" म्हणाला तर नाही समज. फोन करत बसू नकोस. "हे त्या अमुक मालिकेसारखं वाटतंय" म्हणाला तर वाद घालू नकोस, वेगळेपण एका वाक्यात सांगून गप्प बस.

बहुतेक वेळा तिसरंच घडतं. "विषय थांबवू या, पण आमच्या चालू मालिकेचे संवाद लिहिशील का?" हो म्हण. अपमान वाटून घेऊ नकोस. मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी सर्रास असते, आणि आत शिरायचं दार संवादांचंच असतं. तिथे शिकशील ते कुठल्याच वर्गात मिळत नाही: दर गुरुवारी आकडे आले की ट्रॅक कसा वळतो, नट आजारी पडला की रात्रीत सीन कसे फिरवतात, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की सकाळी लिहिलेलं संध्याकाळी कसं चित्रित होतं, संक्रांत-मंगळागौर-गणपती आधीपासून कॅलेंडरवर कशी मांडून ठेवतात. वर्षभर हे केलं की तुझी दोन पानं तू स्वतःच वेगळी लिहिशील.

गोष्ट चोरीला जाईल या भीतीने ती कुणाला सांगायचीच नाही, असं करू नकोस. न सांगता कुणी विकत घेत नाही. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असू दे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती कशी मांडली त्यावर असतो, आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणजे "खर्चीवाल्याची मुलगी व्यापाऱ्याची सून" ही ओळ तुझी एकटीची नाही. पात्रं, प्रसंग, तीन आठवड्यांची मांडणी तुझी. आणि विश्वासाने सांगितलेली, पुरेशी घडवलेली संकल्पना परस्पर वापरता येत नाही. 'कृष कन्हैया' नावाची संकल्पना झी टेलिफिल्म्सला सांगितली गेली होती, पुढे 'कन्हैया' मालिका आली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये संकल्पना मांडणाऱ्या सनडायल कम्युनिकेशन्सच्या बाजूची मनाई कायम ठेवली. म्हणून त्या दोन-तीन पानांतही नोट होईल तेवढी तपशिलात लिही. अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घे आणि तिथे ती नोंदव, ऑनलाइन होतं. भेट झाली की त्याच संध्याकाळी मेल कर: आज अमुक वाजता भेटलो, ही गोष्ट सांगितली, नोट जोडली आहे. व्हॉट्सॲपवर नको, मेलच. मराठीत 'मानाचि' ही मालिका, नाटक, चित्रपट लेखकांची संघटना आहे; तिथल्या जुन्या लोकांशी ओळख ठेव, कुठल्या संस्थेचे पैसे वेळेवर येतात ते कळतं.

करार आला की वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको, कितीही "आज शूटिंग आहे" म्हणू देत. हक्क किती वर्षांसाठी दिलेत ते लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या भूभागासाठी ते नसेल तर भारतापुरतं. म्हणूनच छापील करारात "कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात" असं घातलेलं असतं, ते वाचून हसू नकोस. २०१२च्या दुरुस्तीनंतर लेखकाला रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही. सोडल्याची ओळ करारात दिसली तर वकिलाला तिच्यावर बोट ठेवून दाखव. "कथा" म्हणून तुझं नाव मालिका चालेपर्यंत जाईल, तुला संवादांवरून काढलं तरी, हे लिहून घे. भागागणिक मानधन किती आणि पुन्हा लिहायला लावलं तर काय, हेही. मानधन हातात यायला तीन महिने सहज लागतात, त्यातून टीडीएस कापला जातो, आणि मुंबईचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. तेवढी शिल्लक गाठीशी असल्याशिवाय हातातली नोकरी सोडू नकोस.

आता एवढंच कर. गणपतीपर्यंत दोन पानं लिहून मला पाठव, दादाला विचारून मजुरीचा हिशेब बरोबर लिही, आणि सुनेचं उद्या सकाळी काय अडणार आहे ते पहिल्या चार ओळींत दिसू दे. तिथे दिसलं नाही तर मी पुढे वाचणार नाही.